‘ते रहस्य आहे, विश्वास ठेव’: हे उत्तर झालं की टाळाटाळ?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही कुडाळचे हिंदू, नोकरी गोव्यात वेर्ण्याला, बायको तिथल्याच सासष्टी तालुक्यातली कॅथलिक, मुलगा चौथीत आणि यंदा त्याचं पहिलं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायची पहिली वेळ. त्याने दोतोर्नच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या, वर्गात विचारलं, ‘देव एकच आहे, तर मग बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे कसे?’ शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, ‘ते रहस्य आहे, विश्वास ठेवायचा.’ मुलाचं समाधान झालं नाही, त्याने तुम्हाला गाठलं, आणि तुम्ही इथे विचारताय की हे उत्तर आहे की पळवाट. त्याच्या पोटातून तुमचा दुसरा प्रश्न निघाला आहे: देव कुणाच्याच आकलनात येत नसेल, तर मध्ये हे चर्च, बिशप, नियम आणि गोव्यातला तो सगळा इतिहास कशासाठी?

थोडक्यात सांगायचं तर मुलाला मिळालेलं वाक्य चुकीचं नाही, पण अर्धं आहे. आणि चर्च ‘मध्ये’ नाही. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे ते त्या रहस्याच्याच आत येतं. दुसऱ्या वाक्याने तुमच्या कपाळाला आठी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, पण रविवारचा दोतोर्नचा वर्ग अजून सुटलेला नाही. लग्नाआधी येणारी तुमच्यासारखी मिश्रधर्मी जोडपी आणि बाप्तिस्मा घेऊ पाहणारी मोठी माणसं यांच्याबरोबरही बसते. मी कॅथलिक, तेव्हा उत्तरही कॅथलिक असणार. चर्चबद्दल पुढे जे लिहिलंय ते प्रॉटेस्टंट मंडळी बरंच वेगळं मांडतील. आणखी एक: ती मुलगी ते वाक्य कुठल्या सुरात म्हणाली, हे मला इथे बसून कळणार नाही. वर्गात चाळीस पोरं, बाहेर मैदानावर फुटबॉल सुरू झालेला, वर्ग सुटायला पाच मिनिटं, अशा वेळी तेच वाक्य ‘पुढच्या रविवारी बोलू’ या अर्थानेही तोंडून जातं. मुलाने खरंच विचारलं होतं की वर्ग लवकर सुटावा म्हणून खोडी काढली होती, हेही तुम्हीच ओळखू शकता. चौथीतली पोरं दोन्ही करतात.

पेच असा आहे की ‘रहस्य’ म्हणून आम्ही दोन वेगळ्या गोष्टी खपवतो. एक, जिच्यात कितीही आत गेलं तरी ती संपत नाही. दुसरी, जिच्यात शिरायलाच मनाई आहे. पहिली आमच्या श्रद्धेची. दुसरी आळसाची, आणि क्वचित लबाडीचीही. कुणी ‘रहस्य आहे’ म्हणालं की मी एवढंच बघते, की त्यानंतर माणूस जास्त विचारायला लागला की गप्प बसला.

बायबलच्या नव्या करारात या कल्पनेवर सगळ्यात जास्त भर संत पौलाचा आहे, आणि त्याच्याकडे ती झाकण्याची नाही, उघडण्याची गोष्ट आहे. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, युगानुयुगं लपलेलं ते रहस्य आता प्रकट झालं आहे. इफिसकरांच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर ते काय होतं तेही सांगून टाकतो: जे यहुदी नाहीत ते परकेसुद्धा वारसदार आहेत, त्याच एका शरीराचे अवयव आहेत. पौल स्वतः कट्टर परुशी, म्हणजे यहुदी नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला. देवाच्या मनातलं इतक्या काळाचं गुपित काय, तर बाहेरच्यांना आत घ्यायचं, हे कळल्यावर त्याचीच झोप उडाली होती. रविवारी शेवटच्या बाकावर बसून बायकोची वाट बघणाऱ्या माणसाने हा अध्याय एकदा वाचावा असं मला वाटतं. यात तुम्हाला ओढायचा हेतू नाही. तो तुमच्यासारख्यांबद्दलच आहे, म्हणून सांगते.

मराठी माणसाला इथे ‘नेति नेति’ आठवतं, आणि आठवायला काही हरकत नाही. आमच्याकडेही ती वाट जुनी आहे. संत ऑगस्टीन एका प्रवचनात म्हणतो, तुला समजला असेल तर तो देव नव्हे. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस, ज्याच्या ग्रंथांपुढे पाद्री व्हायला शिकणारी आमची मुलं अजूनही घाम गाळतात, देव काय आहे हे कळत नाही, काय नाही एवढंच कळतं, असं सुरुवातीलाच सांगतो आणि मग पुढे हजारो पानं लिहितो. मला ही गंमत फार आवडते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेने, तर दंडकच घातला: निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, भेद त्याहून मोठाच राहणार. म्हणजे देवाला बाप जरूर म्हणा, पण तो तुमच्या-माझ्या बापाची मोठी आवृत्ती आहे असं धरून चालू नका.

वाट वेगळी होते ती याच्या पुढे. ख्रिस्ती माणूस म्हणतो की हा न कळणारा देव आपणहून बोलला, आणि शेवटी नाझरेथच्या एका सुताराच्या घरात माणूस होऊन राहिला. तेव्हा मौन हा शेवटचा शब्द राहत नाही, त्याच्याबद्दल बोलावंच लागतं. १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने दोन्ही टोकं एकदम धरली: श्रद्धेच्या उजेडात बुद्धी रहस्यात काही अंतर शिरते आणि तिला खरंच काही हाती लागतं; सगळं मात्र तिच्या कवेत कधीच येत नाही. वर्गात दुसरा भाग शिकवला जातो, पहिला गळून पडतो. तुमच्या मुलाला मिळालेलं उत्तर अर्धं म्हणाले ते याच अर्थाने.

आणि एक गैरसमज आमच्या घरचाच आहे, तोही सांगते. वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रूसापाशी, मे महिन्यात लादाईन ही सामुदायिक प्रार्थना होते, म्हातारी मंडळी लॅटिनमध्ये ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) घोळवून म्हणतात, मग उकडलेले चणे वाटतात, शेजारचे हिंदूही आलेले असतात. सुंदर असतं ते. पण त्यातलं लॅटिन कळत नाही याला रहस्य म्हणत नाहीत. ते फक्त लॅटिन कळत नाही.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. आधी काय सांगू नये ते. पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला देऊ नका. कुणी ना कुणी तो तुम्हाला सुचवेलच, पुस्तकांतही सापडेल. त्यात देव एकच असतो आणि वेळेनुसार तीन रूपं घेतो असं होतं, आणि नेमकी हीच मांडणी सबेलियसच्या नावाने ओळखली जाते. चर्चने ती तिसऱ्या शतकातच नाकारली. मुलाला तपासायला सोपं आहे: येशूच्या बाप्तिस्म्याची गोष्ट त्याला येते. यार्देन नदीत पुत्र उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे, आणि वरून बापाचा आवाज येतो आहे, सगळं एकाच वेळी. बर्फ आणि वाफ असं एकदम कसं होणार?

दुसरा मोह तुम्हालाच होईल. कुडाळ म्हणजे माणगावच्या टेंबे स्वामींचा मुलूख, घरात दत्ताची तसबीर असणारच, आणि तीन मुखं बघून ‘हे तेच’ असं म्हणावंसं वाटणं स्वाभाविक आहे. मुलाला तसं सांगू नका, दोघांवरही अन्याय होतो. ब्रह्मा, विष्णू आणि महेश म्हटलं की आपल्या डोक्यात उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी येते, आणि दत्तात ते तिघे एकत्र आले असं आपण म्हणतो. पवित्र त्रैक्यात, म्हणजे बाप, पुत्र आणि आत्मा या तिघांत, कामाची वाटणी नाही. बाप जे करतो ते पुत्र आणि आत्मा यांच्यासह करतो. तिघे आधी वेगळे होते आणि मग जोडले गेले, असंही नाही. प्रत्येक जण पूर्ण देव आहे, आणि तरी देव एक. फरक फक्त नात्याचा: पुत्र बापापासून, आत्मा बाप आणि पुत्र यांच्यापासून. बस, याहून जास्त फरक आम्ही सांगत नाही.

मग सांगायचं काय? मी वर्गात उत्तराऐवजी प्रश्नच देते: ‘देवाने जग निर्माण करण्याआधी देव कुणावर प्रेम करत होता?’ एकदा एक मुलगा म्हणाला, देवदूतांवर. पुढच्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, पण देवदूतपण त्यानेच केले ना, मग त्यांच्याआधी? वर्ग गप्प झाला. मग मी योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय काढते. येशू बापाला म्हणतो, जगाच्या स्थापनेपूर्वीच तू माझ्यावर प्रीती केलीस. देव एकटा कधी नव्हताच. प्रेम करायला त्याला आपली गरज पडली नाही. ते त्याच्यातच होतं, आपण नंतर त्यात आलो. चौथीच्या मुलाला एवढं पुरतं. ‘पण एक म्हणजे तीन कसे’ हे गणित तरी उरतंच, ते उरू द्या. ‘यापुढे मलाही माहीत नाही’ हे वाक्य इथे वापरायचं, आधी नाही.

हे त्रैक्याचं गणित कुणी टेबलावर बसून मांडलेलं नाही, हेही त्याला कधीतरी सांगा. लोक आधी येशूच्या नावाने प्रार्थना करत होते, बाप, पुत्र आणि आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देत होते. मग चौथ्या शतकात आरियस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूने विचारलं, की पुत्रही शेवटी निर्माण केलेलाच ना? ३२५ साली नायसियाच्या परिषदेने नाही म्हणून सांगितलं, ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने आत्म्याबद्दलचा भाग पुरा केला, आणि तीच श्रद्धेची कबुली रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आम्ही उभे राहून म्हणतो. ४५१ साली कॅल्सेडनला प्रश्न आला की ख्रिस्तात देवपण आणि माणूसपण एकत्र कसं नांदतं. परिषदेने चार शब्द दिले आणि चारही नकाराचे: मिसळ न होता, बदल न होता, फूट न पडता, ताटातूट न होता. कसं नांदतं ते सांगितलंच नाही! खाडीकाठच्या खाजन शेतीचा बांध समुद्राची खोली मोजत नाही. खारं पाणी कुठून शिरलं तर शेत जाईल, तेवढं अडवतो. धर्मसिद्धान्ताचं कामही मला तेवढंच दिसतं, आणि ते काम लहान नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

मिस्सेत एक क्षण असा आहे जो गोव्यात बहुतेकांनी धड पाहिलेला नसतो, कारण त्या वेळी दानाची पिशवी बाकांवरून फिरत असते, गायनवृंद गात असतो आणि सगळे खिशात सुट्टे शोधत असतात. वेदीवर दोन छोट्या काचेच्या कुप्या आणलेल्या असतात, एकीत द्राक्षरस, दुसरीत पाणी. धर्मगुरू प्याल्यात द्राक्षरस ओततो आणि त्यात पाण्याचे एक-दोन थेंब टाकतो. टाकताना ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणतो. त्याचा आशय असा: या पाण्याच्या आणि द्राक्षरसाच्या रहस्याने आम्ही त्याच्या देवपणात सहभागी होवो, जो नम्र होऊन आमच्या माणूसपणात सहभागी झाला.

पहिल्या कम्युनियनच्या मुलांना मी सॅक्रिस्टीत, म्हणजे पूजेचं साहित्य ठेवायच्या खोलीत, नेऊन त्या कुप्या दाखवते. मग वर्गात परत येऊन काचेच्या पेल्यात कोकमाचं आगळ घेते, त्यात एका मुलाला पाण्याचा थेंब टाकायला लावते आणि सांगते, आता तो थेंब बाहेर काढ. पोरं खरोखर प्रयत्न करतात. चमच्याने, बोटाने; एकाने तर ड्रॉपर मागितला होता. थेंब निघत नाही. आणि आगळ मात्र आगळच राहिलेलं असतं.

तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने एका पत्रात हे उलगडलं आहे. त्याच्या मते द्राक्षरस म्हणजे ख्रिस्त, पाणी म्हणजे लोक. नुसता द्राक्षरस अर्पण केला तर ख्रिस्त आहे पण आपण नाही. नुसतं पाणी अर्पण केलं तर लोक आहेत पण ख्रिस्त नाही. दोन्ही एकदा मिसळले की वेगळे काढता येत नाहीत. चर्च म्हणजे काय याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात थोडक्यातलं उत्तर त्या थेंबात आहे. तुम्ही ‘मध्ये चर्च कशाला’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे दलाल असतो: पलीकडे देव, अलीकडे माणूस, मध्ये कमिशन घेणारा. पण रहस्य जर देव आणि माणसं यांच्या एक होण्याचंच असेल, तर माणसांचा तो घोळका दलाल कसा? तोच तर पाणी आहे.

हे माझं भाविक कवित्व नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी चर्चविषयीचा जो मुख्य दस्तऐवज जाहीर केला, त्याच्या पहिल्या अध्यायाचं शीर्षकच ‘चर्चचं रहस्य’ असं आहे. दुसरा अध्याय देवाच्या प्रजेवर. बिशप आणि अधिकारपदं तिसऱ्यात येतात. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. तिथे म्हटलंय की चर्च हे देवाशी असलेल्या जवळच्या ऐक्याची आणि साऱ्या मानवजातीच्या ऐक्याची जणू खूण आहे, आणि साधनही. पुढे आठव्या परिच्छेदात अवघड गोष्ट येते: दिसणारी संस्था आणि न दिसणारं आध्यात्मिक शरीर ही दोन चर्च नव्हेत. फेस्ताची म्हणजे चर्चच्या उत्सवाची वर्गणी, दफनभूमीचे नियम, विगाराची म्हणजे गावच्या मुख्य पाद्रीची बदली, कोंफ्रारियेतली म्हणजे चर्चच्या मंडळातली भांडणं, हे सगळं असलेलं चर्च आणि श्रद्धेच्या कबुलीत आम्ही जे ‘एक, पवित्र, कॅथलिक आणि प्रेषितीय’ म्हणतो ते चर्च एकच आहे. अनेक कॅथलिकांनाही हे पटत नाही. त्यांना पवित्र चर्च हवं असतं, हे समोरचं नको असतं.

आणि म्हणूनच इतिहासाचा प्रश्न टाळता येत नाही. १५६० ते १८१२, मधली चार-पाच वर्षं सोडली तर गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्धच्या गुन्ह्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, होतं. ते यावं म्हणून पोर्तुगालच्या राजाला १५४६ मध्ये लिहिणारे आमचे लाडके ‘गोंयचो साय्ब’, म्हणजे गोव्याचे साहेब, संत फ्रान्सिस झेवियरच होते. देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की यातलं काहीही रहस्य नाही. तो इतिहास आहे, माणसांनी केलेला, आणि तो इतिहासकारांपुढेच न्यायचा. ‘चर्च पवित्र आहे’ म्हणून तो झाकू पाहणारा माणूस थेंबालाच द्राक्षरस समजतो आहे. त्याच आठव्या परिच्छेदात चर्च पवित्र असूनही त्याला सतत शुद्धीची गरज आहे असं लिहिलंय. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये सेंट पीटर्समध्ये, सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या हिंसेसह, चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. पुरेसं होतं का, यावर माझ्याच घरात दोन मतं आहेत.

त्याच सासष्टीतली दुसरी एक गोष्टही इथेच सांगायला हवी. थॉमस स्टीफन्स हा जेसुइट संघाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि इथलाच झाला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, मराठी ओवीत. त्याच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे: रविवारी इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांचा दोतोर्नचा वर्ग चालला असताना एक ब्राह्मण येऊन विचारतो, की तुमची शिकवण चांगली, पण आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला काही का देत नाही? त्या प्रश्नात दुखावलेपण उघड दिसतं. पाद्रीगुरूला ‘रहस्य आहे, विश्वास ठेवा’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या. बंदीचा अन्याय त्याने भरून निघाला असं मी म्हणत नाही. पण दोतोर्नच्या वर्गातल्या प्रश्नाला कसं वागवावं, याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही, आणि तो चारशे वर्षांपूर्वीचा, मराठीतला, तुम्ही राहता त्याच तालुक्यातला आहे.

रहस्य हा शब्द कुठे वापरायचा नाही, ते थोडक्यात. जे चौकशीने, कागदांनी किंवा हिशेबाच्या वहीने कळू शकतं, ते रहस्य नव्हे. फेस्ताच्या जमाखर्चाबद्दल विचारल्यावर कुणी देवाची अगम्य इच्छा पुढे करू लागला तर सरळ वही मागावी. आणि दुःखाच्या घरी तो शब्द तोंडातून काढू नये. ज्यांचं मूल गेलंय त्यांना ‘देवाचं रहस्य’ सांगणारे नातेवाईक मी पाहिलेत. आईचा चेहरा दगडासारखा होतो. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पानंच्या पानं देवाची बाजू मांडतात, ईयोब मात्र देवाशी भांडतो. शेवटी देव मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी योग्य ते ईयोबच बोलला.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या काही महिन्यांत घरात येणारच असा एक प्रश्न: ‘मी कम्युनियन घेणार, आई घेते, मग बाबा का बसून राहतात?’ बाप्तिस्मा न झालेल्याला ख्रिस्तप्रसाद देत नाहीत, हा नियम आहे. तुमची पात्रता कमी म्हणून नव्हे. त्या क्षणी ‘आमेन’ म्हणणं म्हणजे या सगळ्याला, त्या थेंबासकट, हो म्हणणं. आणि तुम्ही मनातून हो म्हणत नसताना ते म्हणायला लावणं तुमच्यावरच जबरदस्ती होईल. काही ठिकाणी छातीवर हातांची फुली करून पुढे गेलं की धर्मगुरू आशीर्वाद देतात, काही ठिकाणी ती पद्धत नाही. तुमच्या विगारांना आधी विचारून ठेवा. मुलाला मात्र खरं सांगा. ‘आई हे मानते, मी अजून मानत नाही, पण तू काय शिकतोस ते मला ऐकायचंय’ एवढं पुरे. न मानता मानल्यासारखं करू नका, पोरांना वास येतो. आणि घरी त्याच्या प्रश्नाची थट्टाही नको, नाहीतर तो आईपुढे एक आणि तुमच्यापुढे एक बोलायला शिकेल.

सगळं आधी समजलं तरच पुढे जायचं, असाही हट्ट धरू नका. चौथ्या शतकात जेरुसलेमचा सिरिल आणि मिलानचा अँब्रोज नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना त्या संस्कारांचा अर्थ ईस्टर झाल्यावर समजावत, कारण जे अंगावरून गेलेलं नाही ते सांगून कळत नाही असं त्यांचं मत होतं. मोठ्यांच्या बाप्तिस्म्याचा जो विधी रोमने १९७२ मध्ये पुन्हा सुरू केला, त्यातही ईस्टरनंतरचे आठवडे याचसाठी ठेवलेत. त्यामुळे पहिल्या कम्युनियननंतर दोतोर्न संपली असं घरात कुणी म्हणालं तर मानू नका. खरं बोलणं तेव्हा सुरू होतं.

राहिली ती शिकवणारी मुलगी. दोतोर्न शिकवणाऱ्यांना पगार नसतो. त्यातल्या कितीतरी कॉलेजात जाणाऱ्या असतात, शनिवारी रात्री अभ्यास आटोपून रविवारी सकाळी तुमच्या पोरांपुढे उभ्या राहतात. तिच्यावर तक्रार घेऊन विगारांकडे जाऊ नका. मिस्सेनंतर बायकोला बरोबर घेऊन तिला भेटा, मुलालाच तो प्रश्न पुन्हा विचारू द्या, आणि देवाने जग निर्माण करण्याआधीचा माझा प्रश्न तिला सांगून बघा. ती अडली तर अडू द्या, ती कुणाला तरी विचारील. वर्गात मागे बसून ऐकायची तुमची इच्छा असेल तर तेही तिला विचारा; आमच्याकडे आईवडील बसतात, बाप्तिस्मा झालाय का असं दारात कुणी विचारत नाही.